ज्वलनाचे शास्त्र आणि अग्निसुरक्षेचा इतिहास : मुंबई गोदीतील स्फोटाचा (१९४४) एक अभ्यास

सारांश

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजाला आग लागली आणि सुमारे दोन तासांनी दोन प्रचंड स्फोट झाले. प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार ज्वलनाच्या मूलभूत शास्त्राच्या आधारे केला आहे. आगीला लागणाऱ्या तीन घटकांचे ज्ञान त्या काळी उपलब्ध होते. कापूस आणि स्फोटके यांचे गुणधर्मही संबंधितांना ठाऊक होते. तरीही आग आटोक्यात का आली नाही, हा लेखाचा मुख्य प्रश्न आहे. ज्ञान, अधिकार आणि वेळ या तिघांची सांगड न पडल्यामुळे आगीचे रूपांतर आपत्तीत झाले, असे प्रतिपादन येथे केले आहे. चिपळूणसारख्या, रासायनिक उद्योगांच्या सान्निध्यात असलेल्या गावाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व शेवटी स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : ज्वलन, इंधन, अग्नित्रिकोण, धुमसती आग, मुंबई गोदी स्फोट, अग्निसुरक्षा, कोकण.

प्रस्तावना

अग्नीशी माणसाचे नाते जितके जुने आहे तितके अग्नीच्या शास्त्राशी असलेले नाते जुने नाही. कोकणातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या रोपांसाठी जमीन भाजत आला आहे. कवळ, गवत, पातेरा आणि शेण यांचे थर रचून त्यावर मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि वाऱ्याच्या उलट दिशेने आग सरकेल अशा बेताने तो पेटवावयाचा, ही राब भाजण्याची रीत आहे. मातीचा थर कशासाठी, असे विचारले तर ‘जाळ वर जाऊ नये, धग खाली जावी म्हणून’ असे साधे उत्तर मिळते. हवेचा पुरवठा कमी केला की ज्वाला मंदावते आणि जळणे धुमसण्यावर येते, हे तत्त्व या उत्तरात आहे. कोळशाची भट्टी लावणाऱ्यालाही तेच तत्त्व माहीत असते. भट्टीला भोक पडले तर कोळशाऐवजी राख हाती येते, हे तो अनुभवाने शिकलेला असतो.

हे अनुभवजन्य ज्ञान एका माणसाच्या, एका शेताच्या किंवा एका भट्टीच्या मर्यादेत पुरेसे ठरते. तेथे सरण रचणारा, पेटवणारा आणि विझवणारा हात एकच असतो. औद्योगिक युगात मात्र इंधन एकाचे, साठवण दुसऱ्याची, वाहतूक तिसऱ्याची आणि आग विझविण्याची जबाबदारी चौथ्याची, अशी विभागणी झाली. या विभागणीत ज्ञानाचे काय होते, याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत दाहक उदाहरण म्हणजे १९४४ सालचा मुंबई गोदीतील स्फोट होय.

कोकणाच्या अभ्यासकाने या घटनेकडे वळण्यास आणखी एक कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना आणि गोद्यांना मोठ्या प्रमाणावर मनुष्यबळ पुरविले. वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळमार्गे मुंबईला जाणारा माणूस प्रथम गोदीच्या परिसरातच पाय ठेवीत असे. म्हणून ही घटना चिपळूणपासून दूर घडली असली तरी चिपळूणच्या इतिहासाला ती परकी नाही.

ज्वलनाच्या संकल्पनेचा विकास

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपात जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य असते आणि जळताना ते बाहेर पडते, असा समज होता. लाकूड जळून हलकी राख उरते, या नेहमीच्या अनुभवाशी तो जुळणाराही होता. परंतु धातू जाळला असता त्याचे वजन वाढते, ही गोष्ट त्यात बसत नव्हती. १७७४ मध्ये जोसेफ प्रिस्टले यांनी पाऱ्याच्या भस्मापासून एक वायू वेगळा केला. आंत्वान लाव्हाझिए यांनी काटेकोर वजनांच्या आधारे असे दाखविले की, जळणे म्हणजे पदार्थातून काही निघून जाणे नसून हवेतील याच वायूशी त्याचा संयोग होणे होय. त्यांनीच त्या वायूला ऑक्सिजन हे नाव दिले.

पुढील शतकात हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर पडले. १८१५ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षादीप तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविली की जाळी उष्णता शोषून घेते आणि बाहेरील ज्वलनशील वायू प्रज्वलनाच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, एवढेच त्यामागील तत्त्व होते. मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये मुलांसमोर एका साध्या मेणबत्तीवर व्याख्याने दिली आणि ज्वलनाचे संपूर्ण रसायनशास्त्र उलगडून दाखविले. ती १८६१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मेणबत्तीत मेण जळत नाही, मेणाची वाफ जळते, ही त्यांतील मूलभूत गोष्ट आजही अग्निशमनाच्या प्रशिक्षणात पहिल्या पाठात येते.

या विकासाचे सार ‘अग्नित्रिकोण’ या संकल्पनेत सांगितले जाते. आगीला इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता हे तीन घटक लागतात. त्यांपैकी एक काढून घेतला की आग विझते. पुढे ज्योतीतील साखळी-अभिक्रिया हा चौथा घटक त्यात जोडला गेला. पाणी उष्णता काढून घेते, वाळू किंवा कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजन अडवितो, रानात वणव्यापुढे काढलेली जाळरेषा इंधन तोडते, तर कोरडी रासायनिक पूड साखळी-अभिक्रियेत खंड पाडते.

या साध्या आकृतीला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच निर्णायक ठरतात. पहिला अपवाद धुमसणाऱ्या पदार्थांचा. कापूस, कोळसा, भुसा, कागदाचे गठ्ठे यांच्या आत हवा अडकलेली असते. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते साधारणतः १५ टक्क्यांच्या आसपास आले की बहुतेक ज्वाला विझतात. धुमसणे मात्र त्याहून कितीतरी कमी ऑक्सिजनमध्येही चालू राहते. म्हणूनच कापसाची दाबलेली गाठ बाहेरून विझल्यासारखी दिसली तरी आत दिवसेंदिवस जळत राहू शकते. दुसरा अपवाद स्फोटकांचा. त्यांच्या रेणूत किंवा मिश्रणातच ऑक्सिजन असतो. त्यांना बाहेरच्या हवेची गरज नसते आणि म्हणून हवा कोंडून ती विझविता येत नाहीत.

इंधनाच्या उष्मांकाविषयीही एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. एक किलो रॉकेल जळाले असता सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो कापसापासून सुमारे १७, तर एक किलो टीएनटी या स्फोटकापासून केवळ ४.५ मेगाज्यूलच्या आसपास. अर्थात स्फोटक हे उष्णतेच्या हिशेबाने निकृष्ट इंधन आहे. त्याची विध्वंसक शक्ती उष्णतेच्या प्रमाणात नसून वेगात असते. कापसाची गाठ जी उष्णता काही तासांत देते ती टीएनटी सेकंदाच्या अत्यल्प अंशात मोकळी करते. त्यातील विस्फोटाची लाट सेकंदाला सहा हजार मीटरहून अधिक वेगाने पुढे सरकते. मंद इंधन आणि शीघ्र इंधन एकाच छताखाली ठेवणे म्हणजे वातीला दारू जोडून ठेवण्यासारखे आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ : जहाज आणि माल

‘फोर्ट स्टिकीन’ हे ७,१४२ टनांचे जहाज १९४२ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या लगडी होत्या. या लगडींची किंमत त्या वेळी जवळजवळ नऊ लाख पौंड होती. वाटेत कराची बंदरात रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि इतर माल भरण्यात आला. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनी या मिश्र मालाविषयी नापसंती व्यक्त केली होती. परंतु युद्धकाळात जहाजातील रिकामी जागा ही चैन मानली जात असे. परिणामी दुसऱ्या क्रमांकाच्या मालकोठारात खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर संवेदनशील स्फोटके अशी रचना झाली.

उष्णता आणि धूर वर जातात, हे चूल पेटविणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. सर्वांत सहज पेटणारा आणि सर्वांत कष्टाने विझणारा पदार्थ तळाशी आणि उष्णतेला सर्वांत संवेदनशील पदार्थ माथ्यावर, ही रचना म्हणजे चुलीवर भांडे ठेवण्याचीच रचना होती. पुढे चौकशीत याच गोष्टीवर प्रमुख ठपका ठेवला गेला.

जहाज १२ एप्रिल रोजी मुंबईत आले. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचे लाल निशाण त्यावर फडकविण्यात आले नव्हते. स्फोटके तातडीने उतरवून घेणे अपेक्षित असताना त्यातही विलंब झाला. अशा रीतीने दोन दिवस हा साठा नागरी वस्तीला लागून असलेल्या गोदीत, शेजारी अनेक जहाजे उभी असताना, तसाच राहिला.

१४ एप्रिल : दोन तासांचा घटनाक्रम

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या मालकोठारात आग असल्याचे लक्षात आले. गोदीतील बंब, नंतर शहराचे अग्निशमन दल आणि अग्निशामक नौका कामाला लागल्या. दाट धुरामुळे आगीचे नेमके ठिकाण सापडेना. ९०० टनांहून अधिक पाणी कोठारात सोडण्यात आले. तरीही उष्णता वाढतच गेली आणि जहाजावरील पाणी उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट होऊन जहाजाचे दोन तुकडे झाले. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला.

या धक्क्याने सुमारे १२ किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. शेजारचे ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन गोदीतील शेडवर आदळले. आकाशात उडालेला जळता कापूस आणि तापलेले लोखंड वस्तीवर पडले आणि आसपासच्या भागात एकाच वेळी असंख्य आगी लागल्या. तेरा जहाजे नष्ट झाली. बंगालच्या दुष्काळाला वर्षही लोटले नव्हते अशा काळात पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले. आगी आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. पुढे सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने राबून गोदी पुन्हा वापरात आणली. गाळ उपसताना सोन्याच्या लगडी सापडण्याचे प्रकार तर पुढे अनेक दशके घडत राहिले.

पाणी का पुरले नाही?

नऊशे टन पाणी हा आकडा मोठा वाटतो. त्याचा हिशेब करून पाहणे उद्बोधक आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते, आणि त्याची वाफ होण्यास आणखी २,२५७ किलोज्यूल. म्हणजे पाण्याची खरी अग्निशमनशक्ती त्याच्या वाफ होण्यात आहे, नुसते तापण्यात नाही. नऊशे टन पाणी संपूर्ण वाफेत गेले असते तर त्याने सुमारे १३५ टन कापूस जळताना निर्माण होणारी उष्णता शोषली असती. गाठ सुमारे १७५ किलोची धरल्यास या साडेसातशेहून अधिक गाठी होतात. परंतु पाणी केवळ तापून कोठाराच्या तळाशी साचले असेल, तर तेच नऊशे टन पाणी अवघ्या पंधरा-सोळा टन कापसाच्या, म्हणजे सुमारे नव्वद गाठींच्या उष्णतेला पुरते. दोन्हींत जवळजवळ नऊ पटींचा फरक आहे.

प्रत्यक्षात काय घडले असावे ते या दोन टोकांच्या मधले आहे. परंतु आगीचे मूळ न दिसता धुरात सोडलेले पाणी दुसऱ्या टोकाच्या जवळ असते, हे उघड आहे. घट्ट दाबलेल्या गाठीच्या अंतर्भागात पाणी सहजासहजी शिरत नाही. शिवाय कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगतात. कोठारात पाण्याची पातळी वाढली की जळणाऱ्या गाठीही वर सरकतात, आणि वर स्फोटके होती. पाणी ज्या आगीला विझविण्यासाठी सोडले जात होते तिलाच ते स्फोटकांच्या अधिक जवळ नेऊ शकत होते. शास्त्राचा एक नियम पाळताना दुसरा दृष्टीआड झाला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

चौकशीत आणखी एक आक्षेप घेण्यात आला : आग लागताच कोठार बंद करून त्यात वाफ सोडण्याच्या यंत्रणेचा वापर झाला नाही. कापसाची आग लहान असताना वाफेने ऑक्सिजन हटविण्यास अर्थ होता, आणि निदान वेळ तरी मिळाला असता. परंतु हा उपाय सार्वत्रिक नाही. तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रांकां’ या जहाजावर अमोनियम नायट्रेटच्या साठ्याला आग लागली. तेथे कोठार बंद करून वाफच सोडण्यात आली. अमोनियम नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरविते. त्यामुळे वाफेने आग गुदमरली नाही, उलट उष्णता कोंडली गेली आणि स्फोट झाला. किमान ५८१ माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईत वाफ न वापरणे ही चूक ठरली, तर टेक्सास सिटीत वाफ वापरणे ही. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते : आगीवरचा उपाय पाठ करून चालत नाही, समोर काय जळते आहे ते आधी कळावे लागते. लाल निशाण न लावणे ही म्हणूनच औपचारिक त्रुटी नव्हती. निशाण हे ज्ञान पोहोचविण्याचे साधन होते आणि तेच वापरले गेले नाही.

अधिकाराचा प्रश्न

दुपारी दोन ते चार या वेळात पुढील मार्ग उपलब्ध होते : जहाज गोदीबाहेर ओढून नेणे, ते जागेवर बुडविणे, किंवा आग विझविण्याचा प्रयत्न चालू ठेवणे. प्रत्येक मार्गाच्या बाजूने व विरुद्ध सल्ला दिला गेला. गोदीत पाण्याची खोली मर्यादित असल्याने जहाज पूर्णपणे बुडणार नाही, ही एक अडचण होती. जहाजावर कप्तानाचा अधिकार, गोदीवर पोर्ट ट्रस्टचा, आगीवर अग्निशमन दलाचा आणि दारूगोळ्यावर लष्कराचा. यांपैकी प्रत्येकाकडे ज्ञानाचा एकेक तुकडा होता. सर्व तुकडे एकत्र करून एकच हुकूम देण्याचा अधिकार मात्र कोणा एकाकडे नव्हता. निर्णय न होणे हाच अखेर निर्णय ठरला आणि तिसरा मार्ग आपोआप स्वीकारला गेला.

येथे एक प्रतिवाद विचारात घ्यावयास हवा. युद्धकाळातील घाई, गुप्तता आणि साधनांची टंचाई यांमुळे ही घटना अपवादात्मक होती, शांततेच्या काळाला तिचे धडे लागू पडत नाहीत, असे म्हणता येईल. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ ब्लां’ या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला तोही युद्धकाळातच. परंतु टेक्सास सिटी शांततेच्या काळातील आहे. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतच्या बंदरात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तो साठा तर कित्येक वर्षे तेथे पडून होता. त्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. घाई हे कारण बैरुतला लागू पडत नाही. चारही घटनांत समान दिसते ती एकच गोष्ट : धोका माहीत असणारे आणि धोक्याविषयी निर्णय घेऊ शकणारे हे निरनिराळे लोक होते.

मृतांची मोजदाद

या स्फोटात मरण पावलेल्यांची संख्या साधारणतः आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितली जाते. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा मृत्यू झाला, हा आकडा मात्र निश्चित आहे. भायखळा येथील अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून व १४ ते २० एप्रिल हा सप्ताह म्हणून पाळला जातो.

एक आकडा निश्चित आणि दुसरा शेकड्यांनी हेलकावणारा, हा फरक योगायोगाचा नाही. जवानांची नावे हजेरीपटावर होती. गोदीत माल उतरविणारे बहुसंख्य कामगार त्या काळी रोजंदारीवर, टोळीने लावले जात. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये, म्हणजे स्फोटानंतर चार वर्षांनी आला. ज्यांचे नाव सकाळी कोठे लिहिले गेले नव्हते त्यांचे मरणही संध्याकाळी लिहिले जाणे अवघड होते. त्यात युद्धकालीन प्रसिद्धिनियंत्रणाची भर पडली. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच बातमी दिली. हिंदुस्थानातील वृत्तपत्रांना सविस्तर वृत्त छापण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. मालमत्तेच्या व जीविताच्या हानीसाठी १९४४ मध्येच भरपाईचा स्वतंत्र अध्यादेश काढण्यात आला. परंतु भरपाई मागण्यासाठी आधी आपले माणूस त्या दिवशी तेथे होते, हे दाखवावे लागते. मुंबईला गेलेल्या माणसाकडून येणारी मनीऑर्डर थांबली, एवढाच ज्यांच्याकडे पुरावा होता अशा घरांचा इतिहास कागदपत्रांत सापडत नाही. अग्निसुरक्षेच्या इतिहासात हजेरीपटाला बंबाइतकेच स्थान असले पाहिजे, असे म्हणावे लागते ते यामुळेच.

स्वातंत्र्योत्तर वाटचाल

स्वातंत्र्यानंतर अग्निसुरक्षेला हळूहळू संस्थात्मक रूप आले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात आगीपासून संरक्षणाच्या तरतुदी करण्यात आल्या. १९५६ मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन झाले आणि लवकरच ते नागपूर येथे आले. भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. १९८९ मध्ये धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवणूक व आयातीचे नियम, तर १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या आपत्कालीन नियोजनाचे नियम आले. महाराष्ट्राने आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ मध्ये केला.

या सर्व तरतुदींचा गाभा पाहिला असता १९४४ च्या उणिवांचेच प्रतिबिंब त्यांत दिसते. पदार्थाची माहिती सोबत असावी, परस्परविरोधी पदार्थ एकत्र साठवू नयेत, कामगाराला आपण काय हाताळतो ते कळावे आणि आपत्तीच्या वेळी हुकूम कोणाचा हे आधीच ठरलेले असावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी कागदावर उतरल्या आहेत. तिसरी आणि चौथी गोष्ट कागदावर उतरूनही प्रत्यक्षात उतरतेच असे नाही.

चिपळूण परिसराच्या संदर्भात

चिपळूणहून परशुराम घाट चढून गेले की खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत लागते. गेल्या काही दशकांत ही वसाहत रासायनिक उद्योगांसाठी ओळखली जाऊ लागली आणि परिसरातील अनेक तरुणांना तिने मुंबईला न जाता रोजगार दिला. २० मार्च २०२१ रोजी तेथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगारांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर बुडाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु अग्निसुरक्षेचा विचार करणाऱ्याने त्या एकत्र ध्यानात ठेवाव्यात. सोडियमसारखे काही पदार्थ पाण्याच्या संपर्कानेच पेट घेतात. तेल, पेट्रोल यांसारखी द्रव इंधने पाण्यावर तरंगत दूरवर पसरतात. पूर येणाऱ्या खोऱ्यात साठवणुकीची जागा निवडताना पाणी हे केवळ आग विझविणारे साधन आहे, असे गृहीत धरता येत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने प्रश्न अधिक जवळचा आहे. आपल्या रसायनशास्त्राच्या भांडारात बाटल्या वर्णानुक्रमे लावलेल्या असतात की त्यांच्या परस्परक्रियेच्या विचाराने? ज्वलनशील द्रावके आणि ऑक्सिजन देणारे क्षार एकाच फळीवर शेजारी असतील, तर ती ‘फोर्ट स्टिकीन’च्या कोठाराचीच लहान प्रतिकृती होय. घन पदार्थ, द्रव, वायू आणि धातू यांच्या आगींचे ए, बी, सी, डी हे वर्ग विद्यार्थी परीक्षेत लिहितात. भिंतीवरील नळकांडे त्यांपैकी कोणत्या वर्गाचे आहे, हे वाचून पाहण्याची सवय मात्र त्यांना लावावी लागते. या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या घाटापलीकडील कारखान्यात पाळीवर उभे राहणार आहेत.

निष्कर्ष

१. मुंबई गोदीतील आपत्ती ज्वलनशास्त्राच्या अज्ञानातून उद्भवली नाही. कापसाचे धुमसणे आणि स्फोटकांची संवेदनशीलता या दोन्ही गोष्टी ज्ञात होत्या. मंद इंधन तळाशी आणि शीघ्र इंधन वर, ही साठवणुकीची रचना हे आपत्तीचे मूळ कारण होते.

२. पाण्याची परिणामकारकता त्याच्या प्रमाणावर नव्हे, तर ते आगीच्या मुळाशी पोहोचून वाफेत रूपांतरित होण्यावर अवलंबून असते. मूळ सापडले नाही तर पाणी निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरते.

३. मुंबई आणि टेक्सास सिटी यांची तुलना असे दाखविते की, उपायाची निवड पदार्थाच्या माहितीवर अवलंबून असते. म्हणून माहिती पोहोचविणारी साधने ही अग्निशमनाच्या साधनांइतकीच महत्त्वाची आहेत.

४. ज्ञान अनेकांत विभागलेले असताना निर्णयाचा अधिकार आधीच एका ठिकाणी निश्चित केलेला असणे आवश्यक आहे.

५. कामगारांची विश्वासार्ह नोंद हा सुरक्षाव्यवस्थेचाच भाग आहे. तिच्याअभावी केवळ भरपाईच नव्हे, इतिहासही अपुरा राहतो.

समारोप

राब भाजणारा शेतकरी आग लावण्यापूर्वी वारा पाहतो, शेजारच्या गवताच्या उडव्या पाहतो आणि जाळ राखेत बसेपर्यंत बांधावरून हलत नाही. त्याच्या ठिकाणी ज्ञान, अधिकार आणि जबाबदारी एकत्र नांदतात. मोठ्या गोदीत, कारखान्यात किंवा महाविद्यालयाच्या भांडारात ही एकत्रता आपोआप येत नाही, ती नियमाने आणि सरावाने निर्माण करावी लागते. दरवर्षी १४ एप्रिलला आपण ६६ जवानांचे स्मरण करतो. त्यांच्यासोबत त्या दिवशी गोदीत असलेल्या आणि कोणत्याही पटावर नाव नसलेल्या कामगारांचेही स्मरण व्हावे, आणि त्यानिमित्ताने आपापल्या संस्थेतील साठवणुकीची व हजेरीची एकदा तपासणी व्हावी, एवढी अपेक्षा या लेखाच्या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.